भांग, गांजा व चरस : जुन्या कागदांतील अर्थनिर्णय

जुन्या रुमालांची व बाडांची सूची करितांना भांग, गांजा, चरस, विजया, सण हे शब्द वरचेवर भेटतात, आणि बहुतेक सूचींत त्यांच्यापुढें 'अंमली पदार्थ' एवढाच शेरा पडतो. हा शेरा अपुरा तर असतोच, कित्येकदां चुकीचाही असतो. जकातीच्या यादींत भांग व गांजा हे निराळे जिन्नस कां धरले जातात, वैद्यकाच्या बाडांत एकाच नांवाखालीं दोन भिन्न वनस्पती कशा येतात, आणि इंग्रजी कागदांतील 'हेंप' म्हणजे नेमकें काय, या प्रश्नांचा उलगडा अशा शेऱ्यानें होत नाहीं. हिशेबाच्या कागदांत अर्थ चुकला तर इतिहास बिघडतो. परंतु औषधाच्या पोथींत चुकला तर छापील पाठावर विसंबून कोणी भलतीच वस्तु पोटांत घेण्याचा संभव असतो. म्हणून हे शब्द कसे ओळखावे व अनेक अर्थांतून कोणता निवडावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

१. झाड एक, जिन्नस तीन

भांग, गांजा व चरस ह्या तीन वनस्पती नव्हत, किंवा एका वनस्पतीच्या तीन जातीही नव्हत. एकाच झाडाचीं तीं तीन अंगें आहेत. भांग म्हणजे वाळविलेलें पान. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे चिकट तुरे. चरस म्हणजे त्या तुऱ्यांवरील राळ, वेगळी काढलेली. मादक द्रव्य मुख्यतः फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींच्या राळेंत असतें. पानांत तें थोडें असतें. यामुळें भांगेपेक्षां गांजा तीव्र व गांजापेक्षां चरस तीव्र, हा क्रम सामान्यतः ठरलेला आहे.

ही त्रिविध वांटणी इंग्रजी साधनांतही स्पष्ट आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. ओशॉनेसी यानें इ. स. १८३९ मध्यें लिहिलेल्या निबंधांत ती दिली आहे. पुढें इ. स. १८९३ मध्यें हिंदुस्थान सरकारनें मॅकवर्थ यंग याच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला. त्यानें ११९३ साक्षी घेऊन १८९४ मध्यें अहवाल पुरा केला. त्यांतही हीच वांटणी पायाभूत धरली आहे. गांजाचे चपटा, गोल व चूर असे पोटभेद या अहवालाच्या काळीं रूढ होते. तुरे पायांनीं तुडवून दाबले कीं चपटा, वळून गुंडाळले कीं गोल, आणि देंठावेगळा झालेला भुगा तो चूर. हे भेद घडणीचे आहेत, बीजाचे नव्हेत, हें विसरूं नये.

२. नर व मादी

या झाडांत सामान्यतः नर व मादी निरनिराळीं असतात. नराचा पराग मादीवर पडला कीं बीं धरतें व राळ कमी होते. म्हणून गांजाचें पीक काढणारा शेतकरी फुलण्यापूर्वींच नर झाडें उपटून टाकितो. राजशाही प्रांतांतील नौगांव (हें आज बांगलादेशांत आहे) या भागांत हें काम करणारे तज्ज्ञ लोकच असत व त्यांस 'पोद्दार' म्हणत. वाखाकरितां किंवा बियांकरितां पीक घ्यावयाचें असेल तर ही निवड करावी लागत नाहीं. सारांश, एखाद्या कागदांत नर झाडें काढण्याच्या मजुरीचा खर्च पडलेला दिसला तर तें शेत गांजाचें, हें निश्चित समजावें.

मात्र कागदांतील 'नर' व 'मादी' हे शब्द वनस्पतिशास्त्राच्या अर्थानेंच असतील असें धरून चालूं नये. बीं देणारें थोराड झाड तें नर व लवकर वाळणारें नाजूक तें मादी, अशी शेतकऱ्यांची समजूत अनेक देशांत होती. इंग्लंडांतही नर झाडास स्त्रीवाचक 'फिंबल' व मादी झाडास पुरुषवाचक 'कार्ल' असें म्हणत.

३. 'सॅटिव्हा' व 'इंडिका'

इ. स. १७५३ मध्यें लिनीअस यानें या झाडास 'कॅनाबिस सॅटिव्हा' हें नांव दिलें. १७८५ मध्यें लामार्क यानें हिंदुस्थानांतून आलेल्या नमुन्यांवरून 'कॅनाबिस इंडिका' ही निराळी जाति मानली. १९२४ मध्यें रशियांत 'रुडेरालिस' ही तिसरी जाति सांगितली गेली. उलट १९७६ मध्यें स्मॉल व क्रॉन्क्विस्ट यांनीं जाति एकच ठरवून तिच्या दोन उपजाति केल्या, आणि त्यांच्यामधील सीमा मादक द्रव्याच्या शेंकडा ०.३ या प्रमाणावर आंखली. वाखाचें पीक व मादक पीक यांतील ही रेषा सोयीची आहे. निसर्गानें आंखलेली नव्हे.

कॅनडा व अमेरिकेंतील कांहीं संस्थानें येथें या पदार्थाची विक्री आज कायदेशीर आहे. तेथील दुकानांत 'सॅटिव्हा' म्हणजे तरतरी आणणारी, 'इंडिका' म्हणजे गुंगी आणणारी, व दोहोंचा संकर, अशा पाट्या असतात. इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन संशोधनांत मादक वाणांचे ८१ व वाखाच्या वाणांचे ४३ नमुने आनुवंशिक दृष्ट्या तपासले. तेव्हां या पाट्या व वंश यांचा मेळ फारच सैल आढळला. एकाच नांवाचे नमुने कित्येकदां परस्परांपेक्षां भलत्याच नांवाच्या नमुन्यांस अधिक जवळचे निघाले. तात्पर्य, गुण ठरवावयाचा तर नांव न पाहतां द्रव्याचें प्रमाण पहावें लागतें. त्यांतील मुख्य मादक द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, गाओनी व मेशुलाम यांनीं १९६४ मध्यें इस्रायलांत शुद्ध रूपांत वेगळें केलें व त्याची रचना निश्चित केली. ज्या नांवांनीं आजच्या मालाचीही ओळख पटत नाहीं, तीं मागें नेऊन पेशवाईंतील गांजा 'इंडिका' होता कीं 'सॅटिव्हा', असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. कागदास विचारावयाचा प्रश्न जातीचा नसून अंगाचा व घडणीचा आहे.

४. संस्कृत नांवांचा घोंटाळा

'भङ्गा' हा शब्द अथर्ववेदांत येतो. पाणिनीनें तीळ, उडीद, जवस यांच्या बरोबर भङ्गेच्या शेताचें नांव साधण्याचा नियम दिला आहे, आणि अमरकोशांत ती धान्यांच्या सान्निध्यांत, वैश्यवर्गांत, पडली आहे. यावरून भङ्गा ही शेतांतील पेरणीची वस्तु होती एवढें सिद्ध होतें; मादक उपयोग त्यावरून सिद्ध होत नाहीं. तो स्पष्ट दिसतो शार्ङ्गधरसंहितेंत. जें द्रव्य पचनापूर्वींच शरीर व्यापतें तें 'व्यवायी', असें सांगून तेथें भङ्गा व अफू यांचीं उदाहरणें दिलीं आहेत. म्हणून प्राचीन ग्रंथांतील 'भङ्गा' शब्दास उत्तरकालीन अर्थ सरसकट लावूं नये.

'विजया' या नांवांत तर उघड धोका आहे. विजया म्हणजे भांग हें खरें. परंतु भावप्रकाशांत हरीतकीचे, म्हणजे हिरड्याचे, जे सात प्रकार सांगितले आहेत त्यांतील पहिला प्रकारही विजयाच. रेचक चूर्णांत, त्रिफळेच्या सान्निध्यांत, बेहडा व आंवळा यांच्या शेजारीं विजया आली तर ती बहुधा हिरडा असते. वाजीकरणाच्या पाकांत जायफळ, वेलदोडे, खसखस यांच्या शेजारीं आली, आणि ती तुपांत परतावयास सांगितली असेल, तर ती भांग. 'मातुलानी' हें भांगेचें नांव मामीसही लागतें, परंतु तेथें संदर्भच निर्णय देतो.

तुपांत परतण्याची खूण महत्त्वाची कां, हें आतां सांगतां येतें. कच्च्या पानांत मादक द्रव्य अम्लरूपांत असतें व तापविल्यानें तें प्रभावी होतें. शिवाय तें पाण्यांत जवळजवळ विरत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरतें. माजूम तुपावर करणें, घोट्यांत दूध व बदाम घालणें, या रीतींचें मर्म हेंच. धुराचा अंमल कांहीं मिनिटांत चढतो; पोटांत घेतलेल्याचा अर्ध्या तासानें किंवा दोन तासांनींही चढतो व अधिक काळ टिकतो. जुन्या मापांच्या आधारें पोथींतील पाठ करून पाहण्याचा मोह कोणासही होऊं नये, यास एवढें कारण पुरें आहे.

५. मोडींतील सोंगें

मोडी लेखक अनुस्वार वारंवार गाळतात व शब्द तोडीत नाहींत. त्यामुळें 'भांग' हा 'भाग' असा दिसतो, आणि वांटणीच्या कागदांतील 'भाग' भांग म्हणून वाचला जातो. अनुस्वार असला तरी काम संपत नाहीं. केंसांचा भांग आहेच. शिवाय कोंकणांत भांग म्हणजे उधाणाच्या उलट, म्हणजे कमी चढणारी भरती. बंदराच्या किंवा गलबतांच्या पत्रांत 'भांगाचे दिवस' आले तर तेथें कोणी नशा केलेली नसते! 'सण' व 'सन' यांची चूक केवळ ण व न यांवर अवलंबून असते. माळवा व बुंदेलखंड येथून आलेल्या कागदांत 'चरस' म्हणजे हिंदींतील कातड्याची मोटही असूं शकते. विहीर, बैल किंवा चांभार जवळ असेल तर तोच अर्थ घ्यावा.

इंग्रजी कागदांतील 'हेंप' याहून फसवा आहे. मुंबईच्या व्यापारी कागदांत तो बहुधा दोरखंडाचा ताग किंवा अंबाडी असतो, आणि या दोन वनस्पतींचा भांगेशीं कांहींएक संबंध नाहीं. उलट गोव्यांत इ. स. १५६३ मध्यें छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत गार्सिया द ओर्ता 'बँग' ही पोर्तुगालांतील वाखाच्या झाडाहून निराळी आहे असें मुद्दाम बजावतो. तो पानांची पूड, क्वचित् बीं, व तींत घालावयाची सुपारी, जायफळ, अफू हीं सांगतो. वरील कसोटी लावली तर ती निःसंशय भांग ठरते, गांजा नव्हे.

६. निर्णयाचा क्रम

प्रथम अक्षर निश्चित करावें. नंतर क्रिया पहावी : घोटणें व पिणें भांगेकडे नेतें, चिलीम व ओढणें गांजा किंवा चरसाकडे. नंतर स्थळ पहावें. चरस हा थंड प्रदेशांतील माल; एकोणिसाव्या शतकांत तो यारकंदहून लेहमार्गें पंजाबांत येई. गांजाची लागवड मात्र मुंबई इलाख्यांत, विशेषतः अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत, होत असे. म्हणून दक्षिणेंतील कागदांत चरस दिसला तर दुरून आलेला महाग माल समजावा, व भाव तसा नसेल तर वाचन पुन्हां तपासावें. शेवटीं, छापतांना मूळ शब्द जसाचा तसा ठेवून आपला अर्थ चौकटी कंसांत द्यावा, व संशय असेल तेथें प्रश्नचिन्ह घालावें. 'विजया' याऐवजीं 'भांग' छापणारा संपादक पुढील वाचकाचा निर्णयाचा हक्कच काढून घेतो.

हा भेद केवळ संशोधकांच्या उपयोगाचा आहे असेंही नाहीं. इ. स. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यांत चरस व गांजा यांची व्याख्या आहे. गांजाच्या व्याख्येंत फुलोऱ्याचे तुरे धरले असून त्यांच्यापासून वेगळीं असलेलीं पानें व बीं वगळलीं आहेत. भांगेचें नियमन यामुळें राज्यांच्या कायद्यांकडे राहिलें. जी वांटणी जुन्या जिनसांच्या नांवांत होती तीच आजच्या न्यायालयांतही चालते. तेव्हां ती सूचींच्या शेऱ्यांत तरी गाळली जाऊं नये.