वीजवाहिनी, मोबाइल मनोरा आणि अल्झायमर : भीती किती, पुरावा किती?

हैदराबादच्या वायव्येस, मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेले कुकटपल्ली हे उपनगर गोमंतकीय वाचकांना अगदीच अपरिचित नाही. हायटेक सिटीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांसाठी ते सोयीचे वस्तीस्थान आहे. येथील गृहनिर्माण मंडळाची जुनी वसाहत, जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठ आणि २०१७ पासून महामार्गावरून धावणारी मेट्रो यांनी या भागाचे रूप पालटले. अशा दाट वस्तीत गच्च्यांवर मोबाइलचे मनोरे, गल्लीत खांबांवरून गेलेल्या विजेच्या तारा आणि डोक्यावरून २५ किलोव्होल्टच्या तारेवर चालणारी मेट्रो, असे चित्र नित्याचे असते. नोकरीसाठी गेलेली मुले वृद्ध आईवडिलांना तेथे राहायला नेतात, तेव्हा घर निवडताना एक प्रश्न हमखास निघतो : या तारांच्या आणि मनोऱ्यांच्या सान्निध्यात राहिल्याने स्मृतिभ्रंश होतो का?

प्रश्न निराधार नाही. गेली तीस वर्षे वैज्ञानिक त्याचा अभ्यास करीत आहेत. मात्र आजवर हाती आलेले उत्तर लोकांच्या भीतीशीही जुळत नाही आणि 'काहीच होत नाही' या सरसकट दिलाशाशीही जुळत नाही.

एक नाव, दोन भिन्न गोष्टी

'विद्युतचुंबकीय क्षेत्र' या एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी येतात आणि बहुतेक गोंधळाचे मूळ तेथेच आहे. घरातील व वाहिन्यांतील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिच्याभोवतीचे क्षेत्र अतिनिम्न वारंवारितेचे असते. मोबाइल मनोऱ्यातून निघणाऱ्या लहरींची आवर्तने सेकंदाला कोट्यवधी ते अब्जावधी असतात. या दोहोंतही अणूपासून इलेक्ट्रॉन वेगळा करण्याइतकी ऊर्जा नसते. म्हणून क्ष-किरणांशी त्यांची तुलना चुकीची ठरते. परंतु शरीरावरील परिणाम अजमावताना दोघांचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो. अल्झायमरचा संशय प्रामुख्याने पहिल्या प्रकाराविषयी, म्हणजे विजेच्या तारा व मोटरी यांच्या चुंबकीय क्षेत्राविषयी आहे. मनोऱ्याविषयी तसा पुरावा फारच तोकडा आहे. लोकांची भीती मात्र नेमकी उलटी असते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. तारेचे विद्युतक्षेत्र भिंत व झाडे अडवतात; चुंबकीय क्षेत्र भिंतीतून आरपार जाते. ते कमी होते ते अंतराने, आणि फार झपाट्याने. केस वाळवण्याच्या यंत्रापासून तीन सेंटीमीटरवर हे क्षेत्र काही वेळा शेकडो मायक्रोटेस्ला असू शकते. एक मीटरवर ते जवळजवळ नाहीसे झालेले असते.

संशयाचा उगम : शिवणयंत्र

१९९५ मध्ये अमेरिकेतील संशोधक युजीन सोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलसिंकी आणि लॉस एंजेलिस येथील अल्झायमरच्या रुग्णांचे व्यवसाय तपासले. ज्यांच्या कामात चुंबकीय क्षेत्राशी मोठा संपर्क येत होता, त्यांच्यात या आजाराचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. हे लोक वीज कंपन्यांचे तंत्रज्ञ असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांत शिंपीकाम करणाऱ्या स्त्रियांचा भरणा अधिक होता. विद्युत शिवणयंत्राची मोटर शरीराच्या अगदी जवळ असते आणि काम दिवसभर, वर्षानुवर्षे चालते, हे त्याचे कारण सांगितले गेले. आपल्याकडे घरोघरी असलेल्या पायाने चालवायच्या यंत्राला मोटरच नसते, त्यामुळे हा निष्कर्ष त्याला लागू होत नाही. कपड्यांच्या कारखान्यातील विद्युत यंत्रांविषयी मात्र तो विचारात घ्यावा लागतो.

त्यानंतर वेल्डर, वीज कर्मचारी, यंत्रचालक अशा व्यवसायांवर अनेक अभ्यास झाले. त्या सर्वांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या व्यावसायिक संपर्कात अल्झायमरचा धोका सुमारे दीडपटीहून अधिक दिसतो, असे त्यात आढळले. तथापि यातील बहुतेक अभ्यासांत कोणाच्याही शरीराजवळचे क्षेत्र प्रत्यक्ष मोजलेले नव्हते. व्यवसायाच्या नावावरून ते अंदाजाने ठरवले होते. शिवाय शिंपीकाम वा यंत्रकाम करणाऱ्यांचे शिक्षण बहुधा कमी असते, आणि कमी शिक्षण हा अल्झायमरचा स्वतंत्र धोका आहे. क्षेत्राचा परिणाम कोणता आणि परिस्थितीचा कोणता, हे वेगळे काढणे कठीण होते.

स्वित्झर्लंडचे 'होय', डेन्मार्कचे 'नाही'

घराशेजारून जाणाऱ्या वाहिनीविषयी सर्वाधिक चर्चा झाली ती स्वित्झर्लंडच्या अभ्यासाची. तेथील सुमारे ४७ लाख लोकांच्या २००० ते २००५ मधील नोंदी पाहून संशोधकांनी २२० ते ३८० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपासून घरांचे अंतर काढले. वाहिनीपासून ५० मीटरच्या आत किमान १५ वर्षे राहिलेल्यांत अल्झायमरने मृत्यू होण्याचे प्रमाण, ६०० मीटरपलीकडे राहणाऱ्यांच्या दुप्पट दिसले. ५० मीटरच्या बाहेर मात्र वाढ जवळजवळ दिसली नाही.

'दुप्पट' हा शब्द वाचून दचकण्यापूर्वी त्यामागचे गणित पाहावे. इतक्या जवळ इतकी वर्षे राहणारे लोक मोजकेच असतात, त्यामुळे त्यांच्यातील रुग्णही मोजकेच होते. अशा वेळी उत्तर एका आकड्यात नसते, पट्ट्यात असते. येथे तो पट्टा १.२ पट ते ३.३ पट असा रुंद होता. शिवाय हा अभ्यास मृत्यूच्या दाखल्यांवर आधारलेला होता, आणि दाखल्यांवर अल्झायमरची नोंद अनेकदा राहून जाते.

२०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी हाच प्रश्न रुग्णालयांतील निदानाच्या नोंदींवरून तपासला. वाहिनीपासून ५० मीटरच्या आत राहिलेल्यांचा धोका इतरांइतकाच निघाला : १.०४ पट, म्हणजे व्यवहारात फरक नाही. राहण्याची वर्षे वाढली तरी धोका वाढत गेला नाही. एखादे कारण खरे असेल, तर संपर्क वाढल्यावर परिणामही वाढायला हवा. तो येथे आढळला नाही.

शरीरात काय घडू शकेल?

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड व टाऊ ही प्रथिने विकृत रूपात साचतात आणि मज्जापेशी हळूहळू निकामी होतात. चुंबकीय क्षेत्रामुळे पेशींतील कॅल्शियमचा समतोल बिघडून अमायलॉइड वाढत असावे किंवा झोपेशी निगडित मेलाटोनिन कमी होत असावे, अशा कल्पना मांडल्या गेल्या. मानवी शरीरात त्या सिद्ध झालेल्या नाहीत.

मोबाइलच्या लहरींविषयी तर एक आश्चर्यकारक निष्कर्ष निघाला. २०१० मध्ये दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठात अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांना अनेक महिने रोज दोन तास मोबाइलसारख्या लहरींत ठेवले गेले. त्यांची स्मृती बिघडण्याऐवजी सुधारली. डेन्मार्कमधील चार लाखांहून अधिक मोबाइलधारकांच्या पाहणीतही पुरुषांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमीच आढळले. यावरून मोबाइल हे औषध ठरत नाही. आरंभी महागडे मोबाइल घेणारे लोक मुळातच सधन व निरोगी होते, हे त्याचे अधिक संभाव्य स्पष्टीकरण आहे. मात्र जो तर्क आपण येथे दिलासा नाकारण्यासाठी वापरतो, तोच तर्क भीतीच्या आकड्यांनाही लावला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या अहवालात अतिनिम्न वारंवारितेची क्षेत्रे व अल्झायमर यांच्या संबंधाचा पुरावा अपुरा ठरवला. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीनेही २०१५ मध्ये, नव्या अभ्यासांतून खात्रीलायक पुरावा मिळत नसल्याचे नमूद केले. वाहिन्यांच्या चुंबकीय क्षेत्राला २००२ मध्ये आणि मोबाइल लहरींना २०११ मध्ये 'संभाव्य कर्करोगकारक' या गटात टाकले गेले, त्याचा अल्झायमरशी संबंध नाही. हे दोन विषय चर्चेत वारंवार मिसळले जातात.

मर्यादा आणि अंतर

५० हर्ट्झच्या क्षेत्रासाठी सर्वसामान्य नागरिकांची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. उच्चदाब वाहिनीच्या थेट खालीही क्षेत्र सहसा याच्या कितीतरी खाली असते. पण ही मर्यादा तात्काळ होणाऱ्या परिणामांवर आधारलेली आहे, दीर्घकालीन आजारांवर नाही, हेही सांगितले पाहिजे. भारतात २२० किलोव्होल्ट वाहिनीसाठी एकूण ३५ मीटर रुंदीचा मार्गाधिकार ठेवला जातो, म्हणजे मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला साडेसतरा मीटर. हे अंतर मुख्यतः विजेचा धक्का व अपघात टाळण्यासाठी असते. स्वित्झर्लंडच्या अभ्यासातील ५० मीटरचा पट्टा त्याच्याही बाहेर जातो. नवे घर घेताना दुसरा पर्याय उपलब्ध असेल, तर महाकाय मनोऱ्यांवरून जाणाऱ्या वाहिनीपासून पन्नास-साठ मीटर दूरचे घर निवडणे ही फारसा खर्च न करता घेतलेली सावधगिरी ठरते. राहते घर घाईने विकण्याइतका आधार या पुराव्यात नाही.

मोबाइल मनोऱ्यांसाठी भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. २०१७ मध्ये 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू झाले. परिसरातील मनोऱ्यांची माहिती त्यावर पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. शंका असल्यास अफवांपेक्षा मोजणीवर भिस्त ठेवावी.

हैदराबादनेच दिलेले दुसरे उत्तर

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' आयोगाने टाळता वा कमी करता येण्याजोगे १४ धोके सांगितले : कमी शिक्षण, बहिरेपणा, दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, स्थूलपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला इजा, नैराश्य, एकाकीपणा आणि हवेचे प्रदूषण. हे सर्व दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल वा लांबेल, असे आयोगाचे अनुमान आहे. या यादीत विद्युतचुंबकीय क्षेत्र नाही.

आणि कुकटपल्लीहून त्याच महामार्गाने शहरात येताना लागणाऱ्या पंजागुट्टा येथील निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे एकभाषकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षरांतही हा फरक टिकून होता, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. हाही निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्याला अंतिम पुरावा मानता येत नाही. परंतु घरात कोकणी, देवळात व वाचनात मराठी, बाजारात हिंदी असा व्यवहार करणाऱ्या गोमंतकीयांना तो जिव्हाळ्याचा वाटावा. आईवडील मुलांकडे परराज्यात जातात तेव्हा बहुधा हाच व्यवहार तुटतो. शेजाऱ्यांची भाषा येत नाही, बोलायला कोणी नसते, दिवस चार भिंतींत जातो. तारांपेक्षा हा एकाकीपणा अधिक सिद्ध असा धोका आहे.

गोव्यापुरते

आपल्याकडे तामनार प्रकल्पाच्या ४०० किलोव्होल्ट वाहिनीवरून मोले परिसरात २०२० पासून मोठे आंदोलन झाले. त्यातील अरण्य व जैवविविधतेचे मुद्दे स्वतःच्या बळावर उभे आहेत, त्यांना अनिश्चित आजाराच्या आधाराची गरज नाही. आरोग्याच्या बाजूने मागणी करायचीच, तर ती वस्तीजवळच्या क्षेत्राची मोजणी करून आकडे जाहीर करण्याची असावी. वीज कर्मचारी, वेल्डर आणि विद्युत यंत्रांवर दिवसभर काम करणारे यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण संशयाला जो काही आधार आहे तो त्यांच्या बाबतीत आहे.

घरातील वृद्ध वारंवार तेच विचारू लागले, ओळखीची वाट चुकू लागले वा पैशांच्या हिशेबात गोंधळू लागले, तर मनोऱ्याकडे बोट दाखवण्यात महिने दवडू नयेत. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांतही अशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार आहेत. साधी रक्ततपासणी, रक्तदाब व साखरेची मोजणी, कान व डोळ्यांची तपासणी आणि स्मृतीची चाचणी यांसाठी डॉक्टरांकडे पहिल्या काही आठवड्यांतच जाणे इष्ट.