संगणक टिंग वाजायच्या ऐवजी लखलखतोय? फॉरमॅट मारायच्या आधी ही एक सेटिंग बघा

सेवा केंद्रात फॉर्म भरताना काही चुकलं की संगणक ‘टिंग’ करतो. पण काही ठिकाणी टिंग येतच नाही. त्याऐवजी स्क्रीन क्षणभर लख्ख होते आणि परत जागेवर येते. पुन्हा चुकीचं बटन दाबलं की पुन्हा लख्ख. बघणाऱ्याला वाटतं मॉनिटर गेला. कोणी म्हणतं व्हायरस शिरला, कोणी म्हणतं लाईटचा दाब कमी-जास्त होतोय. शेवटी दुरुस्तीवाला येतो आणि सांगतो, फॉरमॅट मारावं लागेल.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात अगदी असंच घडलं. बाहेर शेतकऱ्यांची रांग, आत संगणक लखलखतोय आणि ऑपरेटर हात बांधून बसलेला. फॉरमॅट म्हणजे काय ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं. डेस्कटॉपवर ठेवलेले लोकांचे फोटो, आधार, सातबाऱ्याच्या फायली दुसरीकडे काढून ठेवल्या नसतील तर गेल्या. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं सगळं परत टाका. एक दिवस गेलाच समजा, पैसे वेगळे. आणि बिघाड नव्हताच. एक सेटिंग चालू होती, ती बंद करायला एक मिनिट लागतं.

ही सेटिंग मुळात आली कशासाठी ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना संगणकाचा इशारा कसा कळणार? म्हणून आवाजाच्या जोडीला स्क्रीन लखलखवायची सोय विंडोजमध्ये ठेवलेली आहे. तिचं जुनं नाव साउंड सेंट्री, आणि ती १९९५ च्या विंडोजपासून चालत आली आहे. म्हणजे तीस वर्षांची जुनी सोय. मोबाईलमध्ये ती आत्ता आत्ता सगळीकडे दिसायला लागली, म्हणून आपल्याला नवीन वाटते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. ही सेटिंग आवाज बंद करत नाही. ती आवाजाच्या सोबत प्रकाश दाखवते. म्हणजे तुमच्याकडे लखलख होतेय आणि आवाजही येत नाही, तर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लखलख एका सेटिंगमुळे. आवाज नाही तो दुसऱ्या कारणाने, बहुतेक वेळा स्पीकरच जोडलेला नसतो. दोन्हींचा इलाज वेगवेगळा करायचा.

पण आधी खात्री करा की ही लखलख त्या सेटिंगचीच आहे. ओळखायची खूण सोपी आहे. काही चुकीचं झालं, एररची चौकट उघडली, एखादी सूचना आली, तेव्हाच स्क्रीन लखलखते का? आणि संगणकाला हात न लावता पाच मिनिटं बसलं तर शांत राहते का? तसं असेल तर सेटिंगच आहे, घाबरू नका.

उलट स्क्रीन आपली आपण सतत फडफडत असेल, आडव्या रेषा येत असतील, रंग बदलत असतील, तर ते दुखणं वेगळं. तेव्हा मॉनिटरची मागची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. जुन्या निळ्या तोंडाच्या केबलला दोन स्क्रू असतात, ते आपल्याकडे कोणी आवळतच नाही. इन्व्हर्टरवर असताना फडफडते आणि लाईन आल्यावर थांबते, असं असेल तर संगणकाला दोष देऊ नका, इन्व्हर्टर दाखवा.

केबल ठीक असूनही फडफड थांबत नसेल तर मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेली एक तपासणी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटनं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. बाकी सगळं फडफडतंय आणि त्यासोबत ही खिडकीही फडफडतेय, तर डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये गडबड. बाकीचं फडफडतंय पण ही खिडकी शांत आहे, तर एखादं ॲप जुळत नाहीये. नवीन काय टाकलं ते आठवा आणि काढून बघा. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं असेल तरी ही तपासणी करून मगच बोलवा. त्याला नेमकं सांगता येतं आणि तोही मग उगाच फॉरमॅटवर जात नाही.

आता सेटिंग बंद करू. कीबोर्डवर खालच्या ओळीत डावीकडे विंडोजचं चिन्ह असलेलं बटन आहे. ते दाबून ठेवा आणि सोबत इंग्रजी यू दाबा. अपंगांसाठीच्या सोयींचं पान थेट उघडतं. विंडोज ११ मध्ये त्याचं नाव ॲक्सेसिबिलिटी, विंडोज १० मध्ये ईज ऑफ ॲक्सेस. तिथे ‘ऑडिओ’ वर क्लिक करा. विंडोज ११ मध्ये ‘फ्लॅश माय स्क्रीन ड्युरिंग ऑडिओ नोटिफिकेशन्स’ अशी ओळ दिसेल, तिच्यासमोर ‘नेव्हर’ निवडा. विंडोज १० मध्ये ‘शो ऑडिओ अलर्ट्स व्हिज्युअली’ अशी ओळ आहे, तिथे ‘नो व्हिज्युअल अलर्ट्स’ निवडा. झालं. सेव्ह वगैरे करावं लागत नाही.

त्या ओळीत आणखी तीन पर्याय दिसतात. एकात फक्त चालू खिडकीची वरची पट्टी लखलखते, दुसऱ्यात चालू खिडकी, तिसऱ्यात सगळी स्क्रीन. ज्याला सोय हवी आहे पण डोळ्यांना त्रास होतो, त्याने वरच्या पट्टीचा पर्याय घ्यावा. तो बराच सौम्य आहे.

काही ठिकाणी अजून विंडोज ७ चालू आहे. तिथे कंट्रोल पॅनेलमध्ये ईज ऑफ ॲक्सेस सेंटर उघडा. ‘यूज टेक्स्ट ऑर व्हिज्युअल अल्टरनेटिव्ह्ज फॉर साउंड्स’ मध्ये जा, साउंड सेंट्रीसमोरची बरोबरची खूण काढा आणि खाली ओके दाबा. तसं विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट येणं २०२० च्या जानेवारीतच थांबलंय आणि विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांचे आधार-पॅन ज्या मशीनवर रोज उघडले जातात ते मशीन असं जुनं ठेवणं मला पटत नाही. पण तो विषय आजचा नाही.

मॅक संगणक आपल्याकडे क्वचितच, एखाद्या फोटो-अल्बमवाल्याकडे दिसतो. तिथे सिस्टिम सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ, आणि ‘फ्लॅश द स्क्रीन व्हेन ॲन अलर्ट साउंड अकर्स’ हे बंद करायचं.

आता प्रश्न येतो, कोणी हात लावला नाही तर ही चालू झाली कशी? कोणीतरी लावलेलाच असतो. विंडोजच्या जुन्या पानावर ‘तुमचा संगणक वापरायला सोपा करा’ अशा अर्थाची प्रश्नावली आहे. पोरं गंमत म्हणून ती भरतात, ऐकू येण्याविषयीच्या प्रश्नावर टिक करतात, संगणक आपला इमानदारीत त्यांना ही सोय सुचवतो आणि ओके दाबलं की चालू. दुसरं कारण जरा छुपं आहे. एकच मायक्रोसॉफ्ट खातं दोन संगणकांवर चालू असेल तर एका ठिकाणची आवडनिवड दुसरीकडे आपोआप जाऊ शकते, त्यात ह्या सोयीही येतात. घरच्या लॅपटॉपवर पोराने केलेलं केंद्रातल्या मशीनवर उगवतं ते असं.

लखलख थांबली, आता आवाजाकडे वळू. सगळ्यात आधी स्पीकर आहे का ते बघा. हसू नका, टेबलावरच्या संगणकाला पुष्कळ वेळा स्पीकर नसतोच. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला असेल तर संगणक आवाज मॉनिटरकडे पाठवू शकतो आणि त्या मॉनिटरला स्पीकर नसेल तर आवाज वाऱ्यावर. उजव्या कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर क्लिक करून आवाज कुठे जातोय ते बदलता येतं. चित्रावर फुली असेल तर म्यूट काढा. हे सगळं बरोबर असून गाणी वाजतात पण टिंग येत नाही, तर कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड उघडून ‘साउंड्स’ ह्या भागात बघा. तिथे ‘नो साउंड्स’ निवडलेलं असेल तर ‘विंडोज डिफॉल्ट’ करा.

मोबाईलवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे आणि ते जास्त ठिकाणी आहे. फोन आला किंवा मेसेज आला की मागचा टॉर्च चमकतो नाहीतर स्क्रीन पिवळी-निळी लखलखते. अँड्रॉइड १४ पासून ही सोय खुद्द अँड्रॉइडमध्येच आली, ‘फ्लॅश नोटिफिकेशन्स’ नावाने. त्यात दोन वेगळी बटनं असतात, एक कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं आणि एक स्क्रीनचं, आणि स्क्रीनचा रंगही निवडता येतो. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, मग फ्लॅश नोटिफिकेशन. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ऑडिओ अँड व्हिज्युअल, तिथे ‘एलईडी फ्लॅश फॉर अलर्ट्स’. बाकी कंपन्यांनी ही सोय आपापल्या सोयीच्या कोपऱ्यात ठेवली आहे. शोधत बसू नका, सेटिंग्ज उघडून वर शोधायची जागा असते तिथे इंग्रजीत फ्लॅश टाइप करा, समोर येईल.

सेटिंग बंद आहे आणि तरी टॉर्च चमकतोय? मग बाहेरून टाकलेलं एखादं ॲप आहे. कॉल आल्यावर फ्लॅश चमकवणारी कितीतरी ॲप जाहिरातीत दिसतात. टाकताना ती कॉन्टॅक्ट, कॉल, नोटिफिकेशन वाचायची परवानगी मागतात आणि आपण ‘अलाऊ, अलाऊ’ करत जातो. नोटिफिकेशन वाचणारं ॲप बँकेचा ओटीपीही वाचू शकतं, एवढं जरी डोक्यात ठेवलं तरी पुरे. फोनमध्येच ही सोय आहे, मग असलं ॲप हवं कशाला? काढून टाका.

आणि लखलखीचा फायदा घेणारेही आहेत. इंटरनेट चालू असताना स्क्रीनवर मोठी चौकट येते, तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ह्या नंबरवर फोन करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. फोन केला की समोरचा गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो आणि मग खात्यावर हात मारतो. अशी फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ह्या नंबरवर तक्रार करा. पैसे पुढे सरकायच्या आत खबर गेली तर ते अडवायची शक्यता असते.

ज्याला फिट येते, आकडी येते, अशा माणसासाठी लखलख ही नुसती कटकट नाही. काहींना चमकणाऱ्या प्रकाशानेच झटका येऊ शकतो. म्हणूनच एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू नये, असा दंडक वेबसाइट बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहे. घरात असं कोणी असेल तर त्यांच्या फोनमधली ही सेटिंग आजच बघून बंद करा. संगणक लखलखत असेल तर आधी त्या माणसाची नजर बाजूला करा, मॉनिटरचं बटन बंद करा, सेटिंग नंतर शोधा.

आता दुसरी बाजू. लखलख दिसली की बंदच करायची, असं नाही. आधी विचारा, ती कोणासाठी चालू आहे? ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाच्या फोनमधली ही सोय घरच्या शहाण्याने ‘दुरुस्त’ केली की त्याचे कॉल-मेसेज सुटायला लागतात आणि कारण कोणाला कळत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, त्यात दोन्ही कानांनी ६० डेसिबलच्या पुढे ऐकू न येणारा ‘कमी ऐकू येणारा’ आणि ७० च्या पुढचा ‘बहिरा’ धरला जातो. पण ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही आणि ज्यांना हाक मोठ्याने मारावी लागते, असे म्हातारे-म्हाताऱ्या तर प्रत्येक घरात आहेत. त्यांच्या फोनमध्ये कॅमेऱ्याचा फ्लॅश मुद्दाम चालू करून द्या. फोन उपडा ठेवायची सवय लावा, म्हणजे मागचा टॉर्च वर येतो आणि अंधाऱ्या खोलीतसुद्धा कॉल आलेला दिसतो.

एकाच संगणकावर दोघं बसत असतील, एकाला लखलख हवी आणि दुसऱ्याला नको, तर भांडायचं कारण नाही. विंडोजमध्ये ही सेटिंग प्रत्येक खात्याची वेगळी राहते. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा, ‘अदर यूजर्स’ मध्ये दुसरं खातं तयार करा आणि ज्याने त्याने आपापल्या खात्यातून काम करावं.