तिनळीवरची दुर्बीण

दोन नळ्यांच्या बंदुकीला आपण दुनळी म्हणतो. तीन नळ्यांच्या बंदुकीला जर्मन शिकारी ‘ड्रिलिंग’ म्हणतात, आणि एकाच वेळी जन्मलेल्या तिळ्यांनाही त्या भाषेत हाच शब्द आहे. वर शेजारीशेजारी छर्‍याच्या दोन गुळगुळीत नळ्या आणि त्यांच्या पोटाशी आतून पेच कोरलेली गोळीची एक नळी, अशी या तिनळीची सर्वसाधारण रचना असून, थुरिंगियातील झूल या गावच्या कारागिरांनी, ज्यांत १७५१ साली स्थापन झालेली झाउअर ही पेढी अग्रगण्य होय, ती परमोत्कर्षास नेली. समोर ससा येईल, पाखरू उडेल की रानडुक्कर निघेल याची पूर्वसूचना अरण्यात नसते. म्हणून एकाच शस्त्रात तिन्हींची तजवीज.

मात्र या बहुगुणामुळेच तिच्यावर दुर्बीण चढविण्याचे काम नाजूक होऊन बसते. उडत्या पाखरावर बंदूक फिरवताना दुर्बीण आड येते. उलट सांजावताना शंभर पावलांवरच्या हरणावर नेम धरावा, तर नळीच्या टोकावरची नेमाची माशी काळोखात दिसेनाशी होते. तेव्हा दुर्बीण क्षणात उतरावी, क्षणात चढावी आणि चढल्यावर केसभरही न ढळता पूर्वस्थानी बसावी, ही येथली खरी शर्त. ती पुरी करण्यासाठी जर्मन कारागिरांनी आकड्यांची बैठक सिद्ध केली: दुर्बिणीच्या कड्यांखालचे पुढचे आकडे तिरपे धरून नळ्यांवरील पुढच्या खाचांत घालायचे, मागची बाजू दाबायची, की स्प्रिंगची खीळ खट्‌कन अडकते. हे आकडे दिव्याची काजळी लावून, ती जेथे पुसली जाईल तेथेच कानस चालवून, त्या एकाच बंदुकीसाठी जुळविलेले असल्यामुळे एकीची दुर्बीण दुसरीवर बसत नाही. १९४५ नंतर अशा अनेक बंदुका अमेरिकन सैनिकांच्या सामानातून अटलांटिकपार गेल्या, आणि कित्येकींची दुर्बीण वाटेत कोठेतरी हरवून रिकाम्या बैठका तेवढ्या उरल्या.

अशा बंदुकीस तिच्याच काळची, येना येथील त्साइस किंवा वेत्झलार येथील हेन्झोल्ट या पेढ्यांची दुर्बीण शोधावी, असे माझे निश्चित मत आहे. चौपट मोठे दाखविणार्‍या दुर्बिणीचे पुढील भिंग ३२ मिलिमीटरचे असेल, तर डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ८ मिलिमीटर रुंद असतो, आणि अंधारात आपली बाहुली विस्फारते ती सुमारे ७ मिलिमीटर; म्हणजे संधिप्रकाशासाठी हे जुने प्रमाण आजही पुरेसे आहे. भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप चढविण्याची युक्ती त्साइसच्या स्माकुला यांनी १९३५ साली काढली. त्यापूर्वीच्या भिंगांच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो, हे ध्यानात ठेवून खरेदी करावी. पुष्कळ जुन्या दुर्बिणींत नेम खालीवर करण्याचीच चकती असते. डावीउजवी दुरुस्ती मागची बैठक सरकवूनच होते. शिवाय चकती फिरवली की नेमाची खूण स्वतःच दृश्याच्या मध्यापासून दूर सरकते, त्यामुळे मूळ जोडणीच सरळ असावी लागते.

अशी शोधलेली दुर्बीण रिकाम्या बैठकांशी जुळविताना सर्वांत मोठे भय उष्णतेचे. कडी दुर्बिणीच्या पोलादी नळकांड्यावर कथलाच्या डाखाने बसवितात, आणि भिंगांच्या जोड्या ज्या राळेने चिकटविलेल्या असतात ती राळ डाख वितळण्याच्या कितीतरी आधीच मऊ पडते; म्हणून भिंगे काढून ठेवल्याशिवाय आचेला हात लावू नये. बंदुकीच्या तिन्ही नळ्याही डाखानेच एकमेकींस जोडलेल्या. नवी बैठक बसविताना ऊब जरा जास्त लागली, की जुने सांधे सुटतात.

नेमाच्या चाचणीतही तेच पथ्य. गोळीची नळी तापून लांबावयास लागते, जोडलेल्या थंड नळ्या तिला ओढून धरतात, आणि पुढची गोळी भलतीकडे जाते. यास्तव एक गोळी झाडावी, नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे, दुर्बीण उतरवून पुन्हा चढवावी आणि मगच दुसरी झाडावी. पाच गोळ्यांत अर्धा दिवस सहज जातो. ती पाचही छिद्रे तळहाताखाली झाकली, तरच कारागीर मागच्या बैठकीचा स्क्रू शेवटचा आवळतो.