बैलगाडीसाठी जुने टायर घेताना

उसाचा हंगाम जवळ आला म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गाडीवानांना टायरची विवंचना लागते. गेल्या हंगामाचे टायर फाटलेले असतात, नव्यांची किंमत परवडत नाही, आणि मुंबईत कुर्ल्यास किंवा जवळच्या शहरातील भंगाराच्या आवारात मोडीत काढलेल्या मोटारींचे व मालट्रकांचे टायर पुष्कळच स्वस्त मिळतात. हा व्यवहार वाईट नव्हे. परंतु तो डोळसपणे केला नाही, तर भरलेली गाडी अर्ध्या वाटेत बसते, ऊस वाळून वजन घटते आणि बैलांचे हाल होतात ते निराळेच.

हवेचा टायर १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी बनविला. हे गृहस्थ व्यवसायाने पशुवैद्य होते. त्यांच्या युक्तीचा लाभ पुढे बैलालाही झाला, हे योग्यच म्हटले पाहिजे. लोखंडी धाव मऊ रानात रुतते; हवेचा टायर पसरून भार पेलतो, त्यामुळे बैलांना ओढ कमी लागते व मानेस हिसके बसत नाहीत.

जुन्या टायरची पारख करताना बहुतेक गिऱ्हाईक प्रथम नक्षी पाहते. मोटारीच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण ओल्या सडकेवर वेगाने जाताना नक्षीच पकड देते. बैलगाडी मात्र माणसाच्या चालीने चालते. तिला नक्षी झिजून गोटा झालेला टायरही चालतो, पण आतील दोऱ्यांचे थर मजबूत हवेत. म्हणून गोटा झाला एवढ्यावरून टायर नाकारू नये आणि नक्षी ठळक दिसते एवढ्यावरून घेऊही नये. मोडीत निघालेल्या मोटारीची स्टेपनी पुष्कळदा अगदी कोरी दिसते. प्रत्यक्षात ती मोटारीइतकीच म्हातारी असते व तिचे रबर वाळून कडक झालेले असते.

टायरचे वय त्याच्या बाजूवरच लिहिलेले असते. ‘डॉट’ ह्या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. २३१९ असे अंक असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. दहा वर्षे उलटलेला टायर स्वस्त असला तरी घेऊ नये. हे अंक कधी कधी एकाच बाजूस असतात, तेव्हा टायर उलटून पाहावा.

त्यानंतर टायर उन्हात नेऊन त्याच्या दोन्ही बाजू हाताने वाकवाव्यात. वाकविताच बारीक भेगा उघडतात. दुकानदाराने काळा रंग फासलेला असल्यास ओल्या फडक्याने पुसून मगच पाहावे. आत हात घालून सर्वत्र फिरवावा. कोठे फुगवटा, सुरकुती किंवा सुटलेला दोरा लागला, तर तो टायर भाराखाली फुटणारच. अपघातात सापडलेल्या गाडीच्या टायरचे दोरे बाहेरून काही न दिसता आतून तुटलेले असतात. आवारात वर्षानुवर्षे हवा नसलेल्या चाकावर उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर एका जागी चेपून मेलेला असतो. आत गेटर टाकलेला असेल, तर तो कशासाठी टाकला हे विचारावे. खिळ्याचे भोक निराळे आणि बाजूचा काप निराळा. रिंगवर बसणारी तारेची कड तुटलेली किंवा गंजलेली असेल, तर पुढे पाहण्याचे कारणच नाही. गोटा टायरवर गरम हत्याराने नक्षी कोरून तो नवा म्हणून खपविणारेही भेटतात. अशा टायरची किंमत गोट्याचीच द्यावी, आणि कोरताना दोरे उघडे पडले असतील तर तीही देऊ नये.

माप जुळणे तितकेच महत्त्वाचे आहे. ९.००-२० ह्यातील पहिला आकडा इंचांत रुंदी व दुसरा रिंगचा व्यास दाखवितो. १६ इंची टायर २० इंची रिंगवर बसत नाही. लहान मोटारीच्या टायरवर ८२ असा भारांक असतो. त्याचा अर्थ एका टायरवर ४७५ किलो, म्हणजे जोडीवर ९५० किलो. उसाची गाडी पुष्कळदा दोन टनांच्या घरात जाते. बैल मंद चालतो हे धरले, तरी असा टायर उसाच्या गाडीस अपुराच. त्यावर शेणखताची किंवा वैरणीची हलकी गाडी चालवावी. टायर सोसतो म्हणून बैलावर वाटेल तेवढा भार घालणेही योग्य नव्हे. ओढकामाच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांनी त्यास मर्यादा घातली आहे.

जोडी घेताना दोन्ही टायरांत हवा भरून त्यांच्या भोवती सुतळी गुंडाळून घेर मोजावा. एक लहान व एक मोठा असल्यास गाडी एकीकडे कलते व ऊस त्या अंगास सरकतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस मात्र गोटा टायर घालू नये. तिथे वेग आहे, ब्रेक आहे आणि पाठीमागे रहदारी आहे.

मालट्रकाची कडीची रिंग असल्यास हवा भरण्याचे काम जाणत्या पंक्चरवाल्याकडूनच करवावे. कडी निसटून उडाल्याने माणसे दगावली आहेत. समोर उभे राहू नये, मुलांस तर जवळ येऊच देऊ नये. टायर घेतल्याची पावतीही मागून घ्यावी, म्हणजे चोरीच्या मालाचा संशय राहत नाही.

हंगाम संपल्यावर गाडी ठोकळ्यांवर टेकवून टायर जमिनीपासून उचललेले ठेवावेत व वर गोणपाट टाकावे. जे टायर कामाचे राहिले नाहीत, ते परसात उघडे पडू देऊ नयेत. पावसाचे पाणी साचून त्यांत डेंग्यूचे डास वाढतात. त्यांना खालून भोके पाडावीत किंवा ते भंगारवाल्यास परत द्यावेत.