कोण कोणत्या खोलीत?

दिवेलागणीची वेळ. आतल्या खोलीत आजोबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले आहेत. पाच-सात मिनिटे पानांची सळसळ थांबते आणि खोलीतील दिवा आपोआप मालवतो. आजोबा हात उंचावतात, दिवा लागतो. अग्रलेख संपण्यापूर्वीच पुन्हा अंधार. मुलाने मोठ्या हौसेने बसवून घेतलेल्या या स्वयंचलित यंत्रणेविषयी आजोबांचे मत काय झाले असेल, हे सांगावयास नको.

वस्तुतः यंत्र बिघडलेले नाही. छताच्या कोपऱ्यातील तो छोटा संवेदक अवरक्त किरण टिपतो. मानवी देहातून असे उष्णतेचे किरण सतत बाहेर पडत असतात. संवेदकासमोरील खाचांचे प्लास्टिकचे भिंग खोलीची अनेक पट्ट्यांत विभागणी करते आणि उष्ण देह एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की विद्युत संकेत उमटतो. म्हणजे यंत्राला माणूस दिसत नाही. दिसतो तो बदल. बँकेच्या शाखेत रात्री धोक्याची घंटा वाजवण्यासाठी याच जातीचे संवेदक वापरले जातात आणि तेथे ते चोख काम करतात, कारण चोर काही आरामखुर्चीत बसून अग्रलेख वाचत नाही. घरातील माणसे मात्र दिवसाचा बराच काळ स्तब्ध असतात. त्यातच नागपूर किंवा बिकानेरच्या मे महिन्यात भिंती देहाइतक्याच तापल्या की या संवेदकाची नजर आणखी मंदावते.

खोलीत ‘कोणीतरी’ आहे हे कळणे वेगळे आणि ‘कोण’ आहे हे कळणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नाचे एक गाजलेले उत्तर इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत शोधले गेले. रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कर्मचाऱ्याच्या छातीवरील बिल्ला दर पंधरा सेकंदांनी आपला सांकेतिक क्रमांक अवरक्त प्रकाशात उच्चारी; खोलीतील ग्राहक तो टिपून घेई. त्यामुळे आलेला दूरध्वनी त्या व्यक्तीच्या जवळच्या यंत्राकडे वळवता येत असे.

आता बिल्ल्याची जागा मोबाईलने घेतली आहे. त्याच्या ब्लूटूथ लहरी कोणत्या खोलीत अधिक तीव्र आहेत, यावरून मालकाचा ठावठिकाणा ताडला जातो. परंतु या लहरी माणसाच्या देहातील पाण्यात शोषल्या जातात. फोन खिशात असताना पाठ फिरवली तरी संकेत क्षीण होतो आणि एका जागी बसलेला माणूस यंत्राच्या हिशेबी दोन खोल्यांत येरझारा घालू लागतो. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी वाय-फाय लहरींच्या तीव्रतेवरून कार्यालयातील माणसाची जागा दोन-तीन मीटरपर्यंत ओळखून दाखवली होती. मात्र आपल्या सदनिकांत दोन-तीन मीटर म्हणजे भिंतीपलीकडची खोली! शिवाय फोन दिवाणखान्यात चार्जिंगला आणि मालकीण स्वयंपाकघरात, हे तर घरोघरचे दृश्य.

अलीकडे सूक्ष्म लहरींचे छोटे रडार मिळू लागले आहे. श्वासागणिक छाती काही मिलिमीटर हलते, तेवढेही त्याला कळते. आजोबांच्या समस्येवर हा खरा उतारा. पण छताचा पंखा आणि वाऱ्याने हलणारा पडदा यांनाही ते माणूस समजू शकते, आणि प्लायवूडच्या पातळ भिंतीपलीकडचा शेजारीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. असे संवेदक कोठे बसवावे, कोणता कोपरा त्याने दुर्लक्षावा, हे ज्याच्या त्याच्या घरातच ठरवावे लागते.

सर्वांत स्वस्त युक्ती दाराची आहे. जाणकार तिला पेटीतल्या गांधीलमाशीची उपमा देतात. दार बंद झाल्यावर आत हालचाल आढळली, तर दार पुन्हा उघडेपर्यंत कोणीतरी आतच आहे. मग ते कितीही स्तब्ध बसो. स्नानगृहासाठी याहून सुटसुटीत उपाय सापडणे कठीण. दिवसभर सताड उघड्या असणाऱ्या दिवाणखान्याच्या दाराला मात्र ती लागू पडत नाही, आणि स्वयंपाकघराला अनेक घरांत दारच नसते.

या युक्तीत कोणाची ओळख पटवली जात नाही, हा तिचा मोठा गुण. कारण कोण कोणत्या खोलीत किती वेळ होते याची नोंद म्हणजे घरातील प्रत्येकाची दिनचर्याच होय. सून दुपारी किती वेळ निजली, नातू अभ्यासाच्या खोलीत खरोखर होता का, हे एकाच्या फोनवर उमटू लागले तर इतरांना ते रुचेलच असे नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानेही व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. कुटुंबातील संमती कुटुंबातच मागावी लागते.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी ही यंत्रणा सर्वाधिक उपयोगी आणि तेथेच ती सर्वाधिक नाजूक. परदेशी असलेल्या मुलाला आईच्या प्रत्येक हालचालीची वर्दी देण्याचे कारण नाही. स्नानगृहाचे दार बंद होऊन नेहमीपेक्षा फारच वेळ लोटला, तर तेवढाच इशारा शेजाऱ्यांना जावा, बाकीची नोंद घरातल्याच संगणकावर राहून दिवसाअखेर पुसली जावी, अशी योजना करता येते. किती वेळाने इशारा जावा, हे आईला विचारून ठरवावे. आणि भिंतीवरचे जुने बटण काढू नये.