उंबऱ्याच्या आतले अपघात

श्रोतेहो, पोर नजरेआड गेले की आईचा जीव वरखाली होतो, आणि ते उंबऱ्याच्या आत आले की ती निर्धास्त होते. घर म्हणजे सुरक्षित जागा, ही आपली जुनी समजूत. करोनाच्या साथीने या समजुतीची परीक्षा पाहिली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. शाळांना कुलपे पडली, मैदाने ओस पडली. खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरवायला आपल्या राज्यात डिसेंबर २०२१ उजाडला. मग या काळात मुलांना लागणेखुपणे थांबले का?

थांबले नाही, त्याने जागा बदलली. अनेक देशांतल्या इस्पितळांना सारखाच अनुभव आला. शाळेत, मैदानावर आणि रस्त्यावर होणाऱ्या दुखापती पुष्कळ घटल्या. हाड मोडून येणारी मुलेही एकूण कमी झाली. पण जी मुले आली, त्यांत घरीच दुखापत झालेल्यांचा वाटा वाढला. कोणी पलंगावरून किंवा जिन्यावरून पडलेले, कोणी भाजलेले, कोणी भलतेच काही प्यालेले.

असे का व्हावे? घर मोठ्यांनी आपल्या सोयीने मांडलेले असते. चूल, विळी, माळ्याची शिडी, फवारणीच्या औषधाचा डबा या वस्तू आधीही होत्याच. पण दिवसाचे पाचसहा तास मूल शाळेत असे. आता ते सारा दिवस त्यांच्यातच वावरू लागले. घरात माणसे जास्त, म्हणजे लक्षही जास्त, हा हिशेबही खरा नाही. आईला वाटते, पोर आजीजवळ आहे. आजीला वाटते, आईजवळ आहे. आणि पोर असते चुलीजवळ!

त्यात साथीने नवी बाटली घरात आणली, ती सॅनिटायझरची. अमेरिकेत जानेवारी ते मार्च २०२० या तीन महिन्यांत सफाईच्या व जंतुनाशक द्रव्यांबाबत विषबाधा केंद्रांना ४५,५५० दूरध्वनी आले. आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा हे सुमारे २० टक्क्यांनी अधिक, आणि त्यांत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा भाग मोठा होता. लांब कशाला जा? जानेवारी २०२१ च्या अखेरीस आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पडले. सुदैवाने मुले बरी झाली. पण बाटली ओळखण्यात जिथे मोठी माणसे चुकतात, तिथे दोन वर्षांच्या पोराची काय कथा?

आणखी एक गोष्ट घडली. साथीच्या भीतीने लोक दवाखान्यात जायला कचरू लागले, आणि उपचाराला उशीर झाला.

तेव्हा काही गोष्टी गाठीशी बांधा. मूल भाजले तर त्या जागेवर २० मिनिटे गार, वाहते पाणी सोडा. बर्फ, हळद, तूप किंवा टूथपेस्ट लावू नका. रॉकेल, फिनेल वा आम्ल पोटात गेले तर उलटी करवू नका. बाटलीसकट मूल तडक दवाखान्यात न्या. १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते. घासलेट किंवा औषध सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका. घराजवळ विहीर किंवा शेततळे असेल, तर कठडा व कुंपण आधी पाहा.

गुरुजनहो, टाळेबंदी संपली. पण उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुटी दर वर्षी येते. शाळेला कुलूप लागते आणि मुले पुन्हा त्याच घरात, त्याच वस्तूंमध्ये येतात. सुटीच्या आदल्या दिवशी अभ्यास सांगताना एक काम आणखी सांगा: घरात धोक्याच्या पाच वस्तू शोधायच्या आणि मोठ्यांना दाखवायच्या. मूल ती यादी घेऊन आले, तर आईबापांनो, रागावू नका. त्याच्याबरोबर गुडघ्यांवर बसा आणि घर त्याच्या उंचीवरून एकदा पाहा.