उंबऱ्यावरचा पाहुणा

दारीं आलेल्या पाहुण्यास तिष्ठत ठेवूं नये, हा धडा आपल्या घरांतून मुलांना फार लवकर मिळतो. परंतु बँका, कचेऱ्या, संस्था यांनीं आपलीं दारें आतां संगणकावर उघडलीं असून, तेथें या धड्याचा विसर पडलेला दिसतो.

गेल्या नोव्हेंबरांत आमच्या शेजारच्या वृद्ध काकू निवृत्तिवेतनासाठीं हयातीचा दाखला भरण्याकरितां मजकडे आल्या. संकेतस्थळ उघडतांच प्रथम मोठमोठीं चित्रें सरकूं लागलीं. अर्ज सांपडण्यांतच बराच वेळ गेला. अखेर सर्व माहिती भरून काकू ‘सादर करा’ या बटणावर बोट ठेवणार, तोंच वरून सूचनेची एक पाटी उतरली, पान खालीं घसरलें आणि बोट ‘रद्द करा’वर पडलें. सारें पुसलें गेलें. “मलाच मेलीला कांहीं समजत नाहीं हो, मास्तर,” काकू ओशाळून म्हणाल्या. वस्तुतः चूक त्यांची नव्हती. पान रचणाराची होती.

या विषयाचें आतां शास्त्र झालें आहे. जेकब नीलसन यांनीं १९९३ सालच्या आपल्या ग्रंथांत तीन मर्यादा दिल्या आहेत. उत्तर ०.१ सेकंदांत आलें तर तें तत्काळ वाटतें. १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाहीं. १० सेकंदांपलीकडे मन दुसरीकडे जातें. गूगल कंपनीनें २०२० सालीं तीन कसोट्या मांडल्या: मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्याबरोबर पानानें दाद द्यावी, आणि मजकूर जागचा हलूं नये. काकूंचा घात झाला तो या तिसऱ्या कसोटीवर.

पान घसरतें कां? चित्राची लांबीरुंदी आगाऊ सांगितलेली नसेल, तर तें येईपर्यंत ब्राउझरला त्याची उंची ठाऊक नसते. चित्र उशिरां येतें आणि खालच्या मजकुरास ढकलतें. पंगतींत मागाहून येणाराचें पान आधींच मांडून ठेवलें, म्हणजे बसलेल्यांना सरकावें लागत नाहीं. येथेंही तसेंच आहे. चित्राची व सूचनेची जागा आधींच राखावी. बोटभर जागेंत दाखवावयाचें चित्र कॅमेऱ्यांतून आलें तसें अवाढव्य पाठवूं नये. तें लहान करावें. खालचीं चित्रें वाचक तेथवर पोंचेल तेव्हांच मागवावीं.

गतीइतकीच सुगमताही महत्त्वाची. फिकट पार्श्वभूमीवर फिकट अक्षरें नसावींत; आंतरराष्ट्रीय नियमावलींत सामान्य अक्षरांसाठीं किमान ४.५ ला १ असा उजेडाचा फरक सांगितला आहे. ‘रद्द करा’ हें बटण दूर ठेवावें, आणि माहिती पुसण्यापूर्वीं एकदां विचारावें.

हे दोष कसे सांपडावेत? पांच माणसांनीं वापरून पाहिलें तरी बहुतेक दोष उघड होतात, असें नीलसन यांनीं २००० सालीं लिहिलें. त्या पांचांत एक तरी काकू असावी, तिच्या हातीं साधा मोबाइल असावा, आणि रचनाकारानें शेजारीं मुकाट्यानें बसून पाहावें. सारा वर्ग एकच गणित चुकला, तर शिक्षकानें आपलें शिकविणें तपासावें, मुलांचे कान धरूं नयेत, हें मी शाळेंत शिकलों.

काकूंचा दाखला दुसऱ्या प्रयत्नांत गेला. मात्र आपणांस कांहीं समजत नाहीं, हा त्यांचा ग्रह मला अद्याप दूर करतां आलेला नाहीं.